राजगड–तोरणा–रायगड: पूर्ण ट्रॅक सगळ्यांना खुला करावा का?

रानवाट_पुणे (धागा सुरू करणारा)

थंडी पडली की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक मागणी हमखास येते: राजगड–तोरणा–रायगडची जीपीएक्स फाईल आहे का कोणाकडे? (जीपीएक्स म्हणजे चालताना फोनने बिंदूबिंदूने नोंदवलेल्या वाटेची, म्हणजे ट्रॅकची, फाईल.) आणि दर वेळी दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, वाट कोणाच्या मालकीची नाही, टाकून द्या. दुसऱ्यांचं म्हणणं, वाट विचारत जा, फाईल कशाला हवी? मी पहिल्या बाजूचा आहे.

लोक जाणार आहेतच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांत राजगड आणि रायगड दोन्ही आहेत. एक जोडून दुसरा करावा असं वाटणाऱ्यांची संख्या वाढणार, कमी होणार नाही. आपण चांगला ट्रॅक दिला नाही तर ते मिळेल तो वाईट ट्रॅक घेऊन जातील.

वाईट म्हणजे काय तेही सांगतो. बॅटरी वाचवायला बरेच जण फोनवर दर ६० सेकंदांनी एक बिंदू नोंदवतात. ताशी ३ किलोमीटरने चालणारा माणूस तेवढ्यात ५० मीटर पुढे जातो. मधली दोन-तीन वळणं नोंदलीच जात नाहीत आणि नकाशावर उतारावरून सरळ रेघ उमटते. ती रेघ पाळणारा वळणावळणाची वाट सोडून थेट घसाऱ्यात (सुट्या दगड-मातीच्या उतारात) घुसतो. काही जण तर नंतर घरी बसून बिंदू आणखी कमी करतात, फाईल हलकी व्हावी म्हणून. म्हणून ५ सेकंदांच्या आतली नोंद, फोन एअरप्लेन मोडवर (जीपीएस चालू राहतं, बॅटरी टिकते) आणि सोबत पॉवरबँक. असा ट्रॅक वर दिसत राहिला तर वाईट ट्रॅक आपोआप मागे पडतात.

फाईलमध्ये नुसती रेघ नको. राजगडावर संजीवनी माचीकडून अळू दरवाजाने बाहेर पडायचं, तो बिंदू हवा. राजगड आणि तोरण्यामधल्या दांडावर (डोंगराच्या सोंडेवर) भरवशाचं पाणी नाही, म्हणून राजगडावरून निघतानाच माणशी ३ ते ४ लिटर भरून घ्या, हे तिथेच लिहिलेलं हवं. दांडाला छेदणारी डांबरी सडक जिथे लागते ती खिंड ‘बाहेर पडायची जागा’ म्हणून ठळक हवी, कारण तोरण्याचा चढ अंगावर घ्यायचा की वेल्ह्याकडे उतरायचं हे तिथे ठरतं. पुढे बुधला माचीखालचा कातळ आणि लोखंडी शिडी. तिथे गर्दी असली की वेळ जातो, तोही हिशोबात धरायला हवा.

घाटवाटा

राजगड ते तोरणा या भागाबद्दल पूर्ण सहमत. वाट मळलेली आहे, दांड सोडला नाही तर चुकायला फारसा वाव नाही आणि मध्ये सडक आहे. तो ट्रॅक खुशाल टाका.

माझा विरोध मोहरी या घाटमाथ्यावरच्या गावाच्या पुढच्या भागाला आहे. तिथून कोकणात उतरणाऱ्या बोराट्याच्या नाळेचा (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीचा) ट्रॅक सार्वजनिक करू नये, कितीही स्वच्छ असला तरी. ‘चांगला ट्रॅक’ हे तुमचं गृहीतक नाळेत लागूच होत नाही.

दोन्ही बाजूंना उंच कडे असले की आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. फोनला मोजके उपग्रह मिळतात, त्यातले काही संदेश कड्यावर आपटून येतात. आपटून आलेला संदेश लांबचा प्रवास करतो, त्यामुळे फोन जागा चुकीची काढतो. चूक ३० मीटर किंवा त्याहून जास्त सहज जाते. मोकळ्या पठारावर ३० मीटरने काही बिघडत नाही. नाळेत ३० मीटर म्हणजे तुम्ही नकाशावर कड्याच्या पोटात उभे. आणि चूक दोनदा होते: एकदा ट्रॅक नोंदवणाऱ्याच्या फोनमध्ये, दुसऱ्यांदा तो पाळणाऱ्याच्या. उपग्रहांचे संदेश दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारे नवे फोन बरे आहेत, पण कडा काही हलत नाही.

त्यात या नाळेची खरी मेख अशी की लिंगाणा या सुळक्याच्या खिंडीकडे जायचं तर ती तळापर्यंत उतरायची नसते. ठरावीक जागी नाळ सोडून आडव्या वाटेला लागायचं. ती आडवी वाट अरुंद, एका बाजूला दरी. वळायची जागा चुकली तर माणूस मोठमोठ्या धोंड्यांवरून खाली जात राहतो. एखादा कातळटप्पा उडी मारून उतरतो आणि मग लक्षात येतं की हा परत चढता येणार नाही. सह्याद्रीत माणसं अडकतात ती बहुतेक अशीच, खाली जाता आलं म्हणून. हातात फाईल असलेल्याला थांबावंसं वाटत नाही, कारण स्क्रीनवरचा निळा ठिपका रेघेच्या जवळच दिसत असतो.

सुवेळा

ट्रॅक द्या किंवा नका देऊ, पण दोन गोष्टी आधी करा. जीपीएक्समधल्या प्रत्येक बिंदूला तारीख-वेळ चिकटलेली असते, ती काढून टाका. मुलींचा गट कुठे मुक्कामाला थांबतो, किती वाजता निघतो हे अनोळखी माणसाला कळायची गरज नाही. आणि पहिला बिंदू बहुतेक वेळा घराच्या दारातला असतो, कारण रेकॉर्डिंग गाडीतच सुरू केलेलं असतं. तो तुकडा कापा. स्ट्राव्हा या ट्रॅक नोंदवायच्या ॲपमध्ये सुरुवात-शेवट झाकायची सोय आहे, पण तिथून उतरवलेली मूळ फाईल दुसरीकडे टाकली तर ते झाकण राहत नाही.

चालू ट्रेकचं थेट लोकेशन सार्वजनिक तर मुळीच नको. घरच्या एका माणसाला पुरे.

रानवाट_पुणे

@सुवेळा, घराजवळचा तुकडा कापायचा हे मान्य. वेळ मात्र पूर्ण काढू नये असं वाटतं. कुठल्या टप्प्याला किती वेळ लागला हीच तर माहिती नवख्याला वाचवते. किलोमीटरचा आकडा फसवा असतो. थांबलेलं असतानाही ठिपका इकडे-तिकडे हलत राहतो आणि अंतर वाढत जातं, चढाईचा आकडा तर प्रत्येक ॲपचा वेगळा. वेळ खोटं बोलत नाही. मधला मार्ग म्हणजे फाईलमधून वेळ काढा आणि टप्प्यांचे तास वेगळे लिहा, पाठीवर किती वजन होतं तेही.

@घाटवाटा, उपग्रहांचं पटलं. पण मग उपाय फाईल लपवणं हा कसा? वळायच्या जागेचे फोटो द्या, एक उतरताना समोरून आणि एक वळून मागे पाहून. शब्दांत लिहा. ‘या जागी फोनवर विसंबू नका’ असा बिंदूच टाका. लपवलं तर माणूस नाळेत जायचा थांबत नाही, फक्त काही माहीत नसताना जातो.

घाटवाटा

वर्णन लिहा, फोटो द्या, त्याला माझी कधीच ना नव्हती. विरोध रेघेला आहे. वर्णन वाचणारा माणूस खुणा शोधत, डोकं वर करून चालतो. रेघ पाळणारा खाली स्क्रीनकडे बघत चालतो, आणि त्या आडव्या वाटेवर खाली बघायचं ते पायाकडे.

शिवाय रेघ शिळी होते. नाळेतले धोंडे दर पावसाळ्यात हलतात, एखादी दरड येते आणि वाट दहा-वीस मीटर वर सरकते. जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यात काय झालं ते तळियेमुळे सगळ्यांना माहीत आहे. हा सगळा पट्टा तसाच ठिसूळ आहे. पावसाळ्याआधीचा ट्रॅक दिवाळीनंतर वापरायचा असेल तर तो कोणीतरी पुन्हा चालून पाहिलेला हवा. कोण पाहणार? फाईल टाकणारा पुढच्या वर्षी दुसऱ्या घाटात असतो.

मुळशी_मावळ

दोघंही एक माणूस विसरताय. वाटाड्या. मोहरीत, तिथल्याच सिंगापूर गावात घाट रोजच्या ओळखीचा असलेली माणसं आहेत. यंदा पहिल्या पावसानंतर कुठला धोंडा आला, कुठे गवत जळून वाट दिसेनाशी झाली, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ आहे, कुठल्या टाक्याचं पाणी गाव स्वतः पितं आणि म्हणून त्यात हात-पाय धुवायचे नाहीत, हे कुठल्याही फाईलमध्ये येत नाही. ट्रॅक फुकट वाटला की पहिली गदा यांच्या कामावर येते. घरगुती जेवण आणि वाट दाखवणं हेच तिथे पर्यटनातून हातात पडणारं उत्पन्न आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. मोहरीपर्यंतचा ट्रॅक द्या, तिथे ‘इथून वाटाड्या घ्या’ असा बिंदू टाका आणि रेघ थांबवा. खाली पाने गावापासून रायगडापर्यंत पुन्हा सुरू करा.

कोथरूड_ते_कोकण

वाटाड्यावर सगळा भार टाकायलाही माझा विरोध आहे. भातकापणीच्या दिवसांत गावात माणूस मोकळा नसतो. लग्नसराईत नसतो. मग शनिवारी दुपारी मोहरीत पोचलेला गट ‘वाटाड्या नाही म्हणून परत’ असं करतो का? बहुतेक वेळा नाही. रविवारी रायगड गाठून सोमवारी ऑफिस असतं. आधी फोन करून ठरवलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तसं स्पष्ट लिहा: आठवडाभर आधी ठरवा, नक्की झालं नाही तर ट्रेक तोरण्यावर संपवा. तोरण्यावरून वेल्ह्यात उतरलं की स्वारगेटची एसटी आहे.

आणि वाटाड्या सोबत असला तरी नकाशा नको असं होत नाही. तो पुढे निघून गेला, गट लांबला, मागचे दोघं धुक्यात राहिले, हे होतंच. शेवटच्या माणसाच्या फोनमध्ये काय आहे ते महत्त्वाचं.

नकाशे_प्रेमी

एक तांत्रिक बाब, जी या वादात नेहमी राहून जाते. फाईल ग्रुपवर टाकणं वेगळं आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, वाट काढणं वेगळं. ग्रुपवरची फाईल निदान तुमच्या वर्णनासोबत जाते. ओपनस्ट्रीटमॅपवर काढलेली वाट ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमँड अशा ॲप्समध्ये उतरते, आणि लोकांनी ऑफलाइन उतरवून ठेवलेले नकाशे तुम्ही नंतर दुरुस्ती केली तरी बदलत नाहीत.

तिथे वाटेला अवघडपणा आणि दिसण्याची स्पष्टता असे दोन शेरे देता येतात. वाट जवळजवळ दिसत नसेल तर तसं नोंदवायची सोय आहे. पण बऱ्याच ॲप्समध्ये पर्वतीवर जायची वाट आणि बोराट्याची नाळ दोन्ही सारख्याच तुटक रेघेने दिसतात. शेरा पाहायला रेघेवर बोट दाबावं लागतं, ते कोणी दाबत नाही. म्हणून घाटातल्या वाटा तिथे काढताना शेरे रिकामे ठेवू नका, आणि स्वतः चाललेला नसलेला तुकडा उपग्रहाच्या चित्रावरून अंदाजाने जोडू नका. कारवीच्या रानातली ढोरवाट वरून वाटेसारखीच दिसते. ती माणसाला एखाद्या पदरावर (कड्याच्या मधल्या सपाट पट्टीवर) नेते आणि तिथेच संपते.

सह्याद्रीसाठी आणखी एक: अक्षांश-रेखांशाचे अंश दशांशात लिहिताना दशांश चिन्हानंतर पाच अंक पुरे, ते साधारण १ मीटर होतं. चार अंकांवर तोडलं तर ११ मीटर. नाळेच्या तोंडाशी तेवढाही फरक जाणवतो.

नवा_भटक्या

कात्रज–सिंहगड रात्रीचा झालेला आहे. फाईल मिळाली तर हा आम्ही मित्र-मित्र करू शकू का?

घाटवाटा

मित्रा, नाही, आणि फाईलचा त्याच्याशी संबंध नाही. कात्रज–सिंहगडला एका रात्रीत टेकड्या संपतात, पाठीवर पाणी आणि खाऊ एवढंच असतं आणि शेवटी सिंहगडाच्या घाटरस्त्यावर गाडी मिळते. इथे तीन दिवस, पाठीवर अंथरूण-शिधा, आणि तिसऱ्या दिवशी थकलेल्या गुडघ्यांनी नाळ उतरायची. आधी दोन दिवसांचा राजगड–तोरणा पूर्ण वजनासह करा. मग लिंगाण्यासमोरच्या रायलिंग पठारावर जाऊन परत या आणि नाळ वरून नीट पाहून घ्या. राजगडावर मुक्काम ठरवण्याआधी पुरातत्त्व खात्याचे चालू नियम तपासा. जून ते सप्टेंबर नाळेचं नावही काढू नका, ती तेव्हा पाण्याची वाट असते. फेब्रुवारीनंतर टाकी आटत जातात आणि गवताला वणवे लागतात. राहिले नोव्हेंबर ते जानेवारी. त्यातही नाळेच्या तोंडाशी सकाळी नऊच्या आत.

रानवाट_पुणे

इतकं वाचून मी फाईलचे तीन तुकडे करतोय. राजगड–तोरणा पूर्ण. तोरणा–मोहरी पूर्ण, त्यात पाण्याच्या जागा कुठल्या महिन्यात पाहिल्या त्या महिन्यासह. पाने–रायगड पूर्ण. नाळेत रेघेऐवजी फोटो आणि वर्णन, आणि मोहरीच्या बिंदूवर वाटाड्याबद्दलची सूचना. फाईलच्या नावातच चालल्याचा महिना-वर्ष, म्हणजे नाव न बदलता पुढे पाठवलेली फाईल किती जुनी ते लगेच दिसेल. मदतीसाठी ११२ लिहितोय, पण नाळेत रेंज धरू नका. पठारावर असतानाच घरी निरोप द्या की इतक्या वाजेपर्यंत पाने गावातून फोन आला नाही तर शोध सुरू करा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये निघण्याआधीच साठवलेला हवा.

कोथरूड_ते_कोकण

मला हे अर्धवट वाटतं. मधली रेघ गाळली की फाईल उघडणाऱ्याला दोन टोकं दिसणार, आणि ॲप त्यांना सरळ रेघेने जोडून दाखवू शकतं. ती रेघ तर थेट कड्यावरून जाईल.

नकाशे_प्रेमी

ते होतं, जर तुकडे एकाच ट्रॅकच्या एकाच खंडात असतील तर. तीन स्वतंत्र फायली करा, एकत्र करू नका, आणि प्रत्येकीच्या शेवटच्या बिंदूला ‘ट्रॅक इथे संपतो’ असं नाव द्या. टाकण्याआधी दोन वेगळ्या ॲप्समध्ये उघडून पाहा.

कोथरूड_ते_कोकण

ठीक, सरळ रेघेचा प्रश्न सुटला. तरी नाळ सोडायची ती एक जागा तुम्ही बिंदू म्हणून द्यायलाच हवी, चुकीची शक्यता धरून. ‘इथून मागेपुढे ५० मीटरमध्ये आडवी वाट शोधा, सापडली नाही तर खाली न जाता वर फिरा’ एवढं त्या बिंदूखाली लिहा. तो बिंदू नसेल तर धुक्यात वर्णनाचा आणि फोटोचा काही उपयोग नाही.

घाटवाटा

‘वर फिरा’ हे शब्द पहिले आणि मोठ्या अक्षरांत असतील तर बिंदूला माझी हरकत नाही. रेघेला आहेच.