मदत हवी आहे: इलेक्ट्रॉनिक लोडला रिमोट कमांडने रेझिस्टन्स देताना एरर -११३ आणि चुकीचा करंट

नमस्कार मंडळी,

५ व्होल्टच्या एका पॉवर सप्लायची चाचणी आपोआप व्हावी म्हणून स्क्रिप्ट लिहितोय. इलेक्ट्रॉनिक लोड (सप्लायमधून हवा तेवढा करंट ओढणारं उपकरण) कॉन्स्टंट रेझिस्टन्स मोडमध्ये, म्हणजे ठरवलेल्या ओहमच्या रेझिस्टरसारखा वागेल असा ठेवायचा, ०.५ ओहमपासून ५०० ओहमपर्यंत टप्प्याटप्प्यानं जायचं आणि दर टप्प्याला व्होल्टेज-करंट वाचायचा. लोड यूएसबीवर आहे, पायथनमधून एससीपीआय (मोजमाप उपकरणांना मजकुरात आज्ञा देण्याची प्रमाणित भाषा) कमांड जातात. त्याला तीन रेंज आहेत: १ ओहमपर्यंत, १ ते १०००, आणि १० ते १००००.

कॉन्स्टंट करंट मोडमध्ये सगळं सुरळीत चालतं. घोडं अडलंय ते रेझिस्टन्सपाशी.

रेंज आणि व्हॅल्यू एका ओळीत पाठवली की, म्हणजे

रेझिस्टन्स:रेंज १;रेझिस्टन्स ०.८

असं, तर -११३ 'अनडिफाइन्ड हेडर' (अशी कमांडच माहीत नाही) एरर येतो. त्याच कमांड वेगळ्या ओळींत निमूट चालतात.

दुसरी अडचण जास्त छळतेय. ५०० ओहम सेट करून परत विचारलं तर लोड ५०० च सांगतो, पण करंट १० ऐवजी १२ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्यक्षात ४१७ ओहम. १० ओहमला मात्र ५०० च्या जागी ५०२ मिलिअँपिअर, तिथे चालून जातं. सेन्स वायर (व्होल्टेज थेट सप्लायच्या टोकांवर मोजणाऱ्या वेगळ्या तारा) लावल्या, बाहेरचा मीटर जोडला, आकडे तेच. रिपोर्टमध्ये '५०० ओहम लोडवर' असं लिहायचं तर तो लोड खरोखर ५०० ओहमचा असायला हवा, म्हणून हे सोडून देववत नाही. काय करावं?

उत्तर १
सेमीकोलननंतर पार्सर (लोडमधला कमांड वाचणारा भाग) कमांडच्या झाडाच्या मुळाशी परतत नाही, आधीच्या कमांडच्या फांदीवरच थांबतो. त्यामुळे तुमची दुसरी कमांड त्याला 'रेझिस्टन्स:रेझिस्टन्स' अशी दिसते. तिच्या आधी कोलन द्या:

रेझिस्टन्स:रेंज १;:रेझिस्टन्स ०.८

क्रम हाच ठेवा, आधी रेंज मग व्हॅल्यू. उलटं केलंत तर १.२ वरून ०.८ ला उतरताना -२२२ 'डेटा आउट ऑफ रेंज' मिळेल. शिवाय काही लोड रेंज बदलताना इनपुट क्षणभर बंद करतात. सप्लायला तो झटका नको असेल तर इनपुट आपणच बंद करून रेंज बदललेली बरी.

उत्तर २
करंटबद्दल. लोडच्या आत रेझिस्टर नसतो. टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजून त्या प्रमाणात मॉसफेटमधून (करंट नियंत्रित करणारा ट्रान्झिस्टर) करंट ओढला जातो, आणि त्या सर्किटला थोडा ऑफसेट (सेटिंग काहीही असलं तरी जवळपास तेवढीच राहणारी चूक) असतोच. तुमचे दोन्ही आकडे पाहा: १० ओहमलाही २ मिलिअँपिअर जास्त, ५०० लाही २ च जास्त. अर्ध्या अँपिअरमध्ये तो लपतो, १० मिलिअँपिअरमध्ये थेट २० टक्के होतो. सेन्स वायर फक्त जोडणीच्या तारांवर होणारी व्होल्टेजची घट काढतात, इथे त्यांचा उपयोग नाही.

५०० साठी ६२५ ओहम पाठवलेत तर ८ अधिक २ असे १० मिलिअँपिअर मिळतील. पण ही दुरुस्ती ५ व्होल्टलाच लागू, आणि ऑफसेट तापमानानुसार सरकतो. माझं मत विचाराल तर १०० ओहमच्या वर लोड वापरूच नका. ५ व्होल्टला १०० ओहममध्ये पाव वॅट जातो, ५०० मध्ये जेमतेम ०.०५. एक टक्का अचूकतेचे साधे रेझिस्टर रिलेवर (कमांडने चालू-बंद होणारा स्विच) घ्या.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कोलन दिल्यावर -११३ गेला. ६२५ पाठवल्यावर करंट १० च्या अगदी जवळ आला, तेव्हा ऑफसेटच आहे. वरच्या टप्प्यांसाठी रेझिस्टर आणि रिलेच लावतो.

एक शंका उरलीच. रेंज बदलून इनपुट चालू केल्यावर *ओपीसी? (आधीची कमांड पूर्ण झाली का, हे विचारणारी कमांड) लगेच १ देतो, पण पहिलं व्होल्टेज रीडिंग अजून हलत असतं. कमांड संपली एवढंच तो सांगतो, सप्लाय स्थिरावला की नाही ते नाही. तुम्ही इथे ठरावीक डिले ठेवता, की लागोपाठची रीडिंग जुळेपर्यंत थांबता?