वरच्या मजल्याचा, शेजारच्या भिंतीचा आवाज : तुम्ही काय केलंत?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी झालेला असतो. आवाज छोटा असतो, पण रोजचा असतो, आणि माणूस त्याने आतून कुरतडला जातो. मला इथे नेमके अनुभव हवे आहेत. पहिल्यांदा दार वाजवलंत तेव्हा काय बोललात? समोरून काय उत्तर आलं? पुढे फरक पडला का? नाही पडला तरी लिहा. शेजाऱ्यांची आणि सोसायटीची नावं मात्र नकोत. सुरुवात मी करते.

ठाणे (धागाकर्ती)
आमच्या वरच्या काकूंकडे पहाटे खलबत्ता चालायचा आणि दिवसभर जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या फरफटायच्या. दोनदा सांगून झालं. "आम्ही तर काहीच आवाज करत नाही गं," असं त्या मनापासून म्हणायच्या, कारण त्यांच्या घरात तो आवाज खरंच जाणवत नव्हता. मग एका दुपारी त्यांना म्हटलं, "काकू, पाच मिनिटं खाली येता? चहा टाकलाय." त्या आमच्या पलंगावर बसल्या होत्या तेवढ्यात वर त्यांच्या नातवाने खुर्ची ओढली. काकूंनी कप खाली ठेवला आणि छताकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई, एवढं येतं?" संध्याकाळी त्यांच्या मुलाने हार्डवेअरच्या दुकानातून खुर्च्यांच्या पायांना घालायच्या रबरी टोप्या आणल्या. खलबत्त्याखाली आता चौघडी केलेली जुनी सतरंजी असते. कूट अजून पहाटेच होतं, पण मी उठत नाही.

पुणे, बांधकाम क्षेत्रातला
काकूंना खाली बोलावलंत हे फार बरं केलंत. आवाज दोन प्रकारचे असतात हे लोकांना माहीत नसतं. बोलणं, टीव्ही, गाणं हा हवेतून येणारा आवाज. तो दाराखालच्या फटीतून, स्लायडिंग खिडकीच्या सांध्यातून आत येतो. तिथे रबराची पट्टी लावली की बराच कमी होतो. खुर्ची, पावलं, खलबत्ता हा ठोक्याचा आवाज. वर टाइल, खाली पाच-सहा इंचांचा स्लॅब, मध्ये मऊ काहीच नाही. ठोका स्लॅबमधून थेट भिंतींत उतरतो. म्हणून खालच्याने पैसे घालून फॉल्स सीलिंग केलं तरी पुष्कळदा निराशाच पदरी येते. ठोका जिथे पडतो तिथेच मऊ थर हवा, म्हणजे उपाय वरच्याच्या घरात करावा लागतो. भिंतीला चिकटवायचा खाचांचा फोम विकत घेऊ नका. तो आपल्या खोलीतला घुमारा कमी करतो, शेजारचा आवाज अडवत नाही.

डोंबिवली, परिचारिका
माझी अडचण दिवसाची आहे. नियमात रात्र म्हणजे १० ते ६. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा दिली आहे. पण रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाची रात्र तेव्हा कुठे सुरू होते.

गेल्या वर्षी वरच्या फ्लॅटचं नूतनीकरण निघालं. बाथरूमच्या जुन्या टाइल्स ब्रेकरने फोडत होते, अगदी माझ्या डोक्यावर. मालकांना फोन केला. ते म्हणाले, सोसायटीच्या वेळेतच काम चाललंय, आणि ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन मुकादमाशी बोलले. "दादा, मी हॉस्पिटलात नाईट करते. काम थांबवा म्हणत नाही. फोडायचं काम कधी आणि रंगाचं, वायरिंगचं कधी, एवढं सांगाल?" त्यांनी माझ्याकडून ड्यूटीचा तक्ता मागून घेतला, त्याचा फोटो काढला. माझ्या नाईटच्या आठवड्यात शक्य तेवढं बिनआवाजाचं काम घेतलं. सगळं जमलं नाही. प्लंबर मिळेल त्या दिवशी येतो आणि भिंतीला खाच पाडावीच लागते. त्या दिवशी मी मावशीकडे झोपायला गेले. पण आज काय होणार हे आधी कळलं की त्रास निम्मा होतो. अचानक सुरू होणारा आवाज छातीत धडकी भरवतो.

माझी एकच मागणी आहे. सोसायट्यांनी कामाला परवानगी देताना तोडफोडीचे दिवस नोटीस बोर्डावर लावायला लावावेत. घरात तान्हं बाळ असतं, परीक्षेचा मुलगा असतो, आजारी माणूस असतं. त्यांना तयारीला वेळ मिळेल.

नाशिक, वरच्या मजल्यावर राहणारी आई
माझा मुलगा स्वमग्न आहे. अस्वस्थ झाला की उड्या मारतो. त्याला रागावून तो थांबत नाही. घरभर एकमेकांत अडकवायच्या फोमच्या जाड चटया टाकल्यात, त्याची उड्यांची जागा बाल्कनीकडच्या कोपऱ्यात नेली आहे, कारण तिथे खाली त्यांची बेडरूम येत नाही. खालच्या घरातून आधी काठीने छत ठोकायचे. त्याने तो अजून घाबरायचा. त्याहून वाईट म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसमोर आलेला मेसेज. मी स्वतः खाली जाऊन त्यांना सगळं सांगितलं. आता ते काका फोन करतात, "आज पाहुणे आहेत, संध्याकाळी जरा बघाल का?" मी त्याला बागेत घेऊन जाते. कृपया ग्रुपवर लिहिण्याआधी एकदा वर येऊन बघा.

म्युनिक
इथेही शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशीच. शिवाय रविवार अख्खा शांततेचा, त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायचं नाही. बाटल्या टाकायच्या सार्वजनिक पेट्यांवरही वेळा लिहिलेल्या असतात. पण २०११ साली कायदा बदलून पाळणाघरांतल्या आणि खेळण्याच्या मैदानांवरच्या मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे उपद्रव धरायचा नाही असं ठरलं. वर लिहिणाऱ्या ताईंचं वाचून हे सांगावंसं वाटलं. पोराचा आवाज आणि ड्रिलचा आवाज एका मापाने मोजू नये.

कोल्हापूर
समजावणं ठीक, पण टेरेसवर स्पीकर लावून मध्यरात्रीपर्यंत वाढदिवस करणाऱ्यांना मी समजावत बसत नाही. उघड्यावर १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देता येते ती सरकारने ठरवलेल्या सण-उत्सवांना, घरच्या पार्टीला नाही. खाली माझे वडील हृदयविकाराचे. मी ११२ लावला, पोलिसांची गाडी आली, आवाज बंद झाला. पुढे महिनाभर जिन्यात कोणी बोललं नाही, ते मी सोसलं.

मुंबई, भाडेकरू
आवाजाबद्दल सोसायटीला लेखी तक्रार दिली. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही सभासदाने करू नये हे सोसायटीच्या उपविधीतच, म्हणजे नियमावलीतच आहे, तेही पत्रात लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या मालकांना पत्र द्यायला सांगा." मालकांना भांडण नको होतं. करार संपल्यावर घर सोडलं. आता घर बघायला संध्याकाळी आठनंतर जाते, सगळे घरी असतात तेव्हा, आणि बेडरूममध्ये दार लावून थोडा वेळ गप्प उभी राहते. एजंटला घाई असते, पण मी हलत नाही.

पनवेल, शेवटचा मजला
आमच्या वर शेजारी नाही, लिफ्टची मशीन रूम आहे. कोणी वर-खाली गेलं की बेडरूमच्या भिंतीत गुरगुर येते. मोटारीखालचे रबरी पॅड जुने झालेत असं लिफ्टचा मेकॅनिक म्हणतो, कमिटी म्हणते पुढच्या वार्षिक सभेत खर्च मांडू. कोणाच्या सोसायटीत हे पॅड बदललेत का? आवाज खरंच कमी झाला का, आणि खर्च सोसायटीने केला की शेवटच्या मजल्यावाल्यांनी? सभेला जायच्या आधी उत्तर मिळालं तर मांडायला बरं पडेल.