लेकीला रोइंगच्या टीमकडून ईमेल आलाय. तिने जन्मात वल्हं धरलेलं नाही. काय करावं?

नेपरव्हिलची_आई

लेक यंदा मॅडिसनला, युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनला जातेय. ओरिएंटेशनला आम्ही दोघी गेलो होतो. जेवणाच्या रांगेत एका बाईने तिला थांबवलं आणि थेट विचारलं, "उंची किती तुझी?" मला वाटलं क्रेडिट कार्ड विकायला आलीये. लेक म्हणाली, ५ फूट ११. बाईने वहीत नाव लिहून घेतलं आणि चार दिवसांनी ईमेल हजर: मुलींच्या रोइंग टीममध्ये नवख्यांसाठी जागा आहे, यायला आवडेल का?

आता ऐका. ही मुलगी हायस्कूलमध्ये दोन वर्षं व्हॉलीबॉल खेळली, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसून पाणी प्यायली. पोहता येतं, इतकीच पाण्याशी ओळख. आणि हे सोसायटीतल्या हौशी मंडळासारखं नाही, चक्क व्हार्सिटी, म्हणजे विद्यापीठाची अधिकृत टीम आहे म्हणे. ज्या विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने आपण टीव्हीवर बघतो, त्याच लाल रंगाचे कपडे हिला मिळणार?

नवऱ्याचं म्हणणं, "आपण इलिनॉयचे, फी भरतोय बाहेरच्या राज्याची, आणि ती अभ्यासाची आहे. होडी वल्हवायची नाही." लेकीचं अजून ठरत नाहीये, कॉम्प्युटर सायन्स की बायॉलॉजी. सराव पहाटेचा. ही मुलगी पहाट फक्त विमान पकडायचं असेल तेव्हा बघते.

माझे प्रश्न साधे आहेत. हा ईमेल खरा आहे का? खरा असेल तर एवढ्या मोठ्या विद्यापीठाला काहीच न येणारी मुलगी कशाला हवी? स्कॉलरशिप वगैरे मिळते का? आणि मार्कांचं काय होतं? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी लिहा प्लीज.

शनिवारचा_प्रेक्षक

पाठवा हो! मॅडिसनला माझी चार वर्षं कँप रँडल स्टेडियमवर ओरडण्यात गेली. यादवी युद्धात तिथे सैनिकांना शिकवायचे, त्या छावणीचंच नाव. ७६ हजार माणसं मावतात आणि नोव्हेंबरात त्यातली निम्मी गोठतात. रोइंगचं मला शष्प कळत नाही, पण वर्गात रोइंगवाल्या मुली ओळखू यायच्या. सकाळी नऊच्या लेक्चरला जाग्या असणाऱ्या फक्त त्याच.

एक गंमत सांगतो. इतकं मोठं खेळाचं खातं, पण १९९१ पासून तिथे बेसबॉलची टीमच नाही. खर्च झेपेना म्हणून बंद केली. म्हणजे खेळ बंदही पडतात, हे डोक्यात असू द्या.

अर्धवट_पीएचडी

ताई, ईमेलचा पत्ता विद्यापीठाचाच असेल तर ईमेल खरा आहे. पण एक गोष्ट आधी डोक्यातून काढा: ते तुमच्या लेकीवर उपकार करत नाहीयेत. त्यांना ती हवी आहे. का हवी आहे ते कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

मी बिग टेनमधल्या, म्हणजे मॅडिसन ज्या खेळगटात आहे त्यातल्याच, दुसऱ्या एका विद्यापीठात (नाव मुद्दाम लिहीत नाही) पीएचडीच्या नावाखाली सहा वर्षं काढली. त्यातली तीन वर्षं संध्याकाळी सात ते नऊ खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. पीएचडी राहिली, पण हे खातं आतून बघून झालं.

सगळं सुरू होतं १९७२ च्या टायटल नाईन कायद्यापासून. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही, एवढंच त्याच्या मूळ वाक्यात आहे. खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण पुढे तो खेळांना लागला. कायदा पाळतोय हे दाखवायचे तीन मार्ग आहेत, आणि त्यातला हिशेबाला सोपा म्हणजे डोकी मोजणं. विद्यार्थ्यांमध्ये मुली जितके टक्के, खेळाडूंमध्ये साधारण तितके टक्के. आता फुटबॉलची टीम बघा, शंभरच्या वर मुलगे. मुलींचा असा एकही खेळ नाही. बास्केटबॉलला पंधरा जणी पुरतात. मग तेवढ्या मुली आणायच्या कुठून? तर होडीतून. एका होडीत आठ वल्हवणाऱ्या आणि सुकाणू धरणारी एक कॉक्स, म्हणजे नऊ जणी, आणि होड्या पाहिजे तेवढ्या. एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) १९९७ पासून मुलींच्या रोइंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद भरवायला सुरुवात केली. मुलांचं रोइंग आजही एनसीएएच्या बाहेर आहे. त्याच काठावर, तेवढ्याच थंडीत कुडकुडणारे मुलगे त्या अजिंक्यपदात नाहीत.

मॅडिसनवर मात्र अन्याय नको, त्यांच्या मुली या गणिताच्या खूप आधीपासून वल्हवतायत. कॅरी ग्रेव्ह्ज म्हणून एक उंच मुलगी तिथे विद्यार्थिनी म्हणून आली आणि कॉलेजातच रोइंग शिकली. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिकला मुलींचं रोइंग पहिल्यांदा आलं, त्यात तिच्या होडीला ब्राँझ. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये गोल्ड. तेव्हा जेवणाच्या रांगेत उंची विचारणाऱ्या बाईंना हसू नका. बहुतेक हायस्कुलांत हा खेळ नसतोच, त्यामुळे लांब हातपाय आणि चिवटपणा एवढं भांडवल घेऊन आलेली मुलगी दोन वर्षांत खरोखर पहिल्या होडीत बसू शकते. फुटबॉल किंवा टेनिसमध्ये हे स्वप्नातही शक्य नाही.

स्कॉलरशिप विसरा, निदान पहिल्या वर्षी. तुमची लेक वॉक-ऑन, म्हणजे स्वतःच्या पायांनी आलेली. पूर्वी रोइंगला सगळ्या टीममध्ये मिळून २० पूर्ण स्कॉलरशिप्सची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून वाटायचे. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाऊस खटल्यातली (खेळाडूंना पैसे देण्याबद्दलचा खटला) तडजोड मंजूर केली. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या आकड्यावरची मर्यादा गेली आणि टीमच्या आकारावर आली: फुटबॉल १०५, मुलींचं रोइंग ६८. म्हणजे द्यायची मुभा आहे, पण सक्ती कुठेच नाही. उलट पूर्वी हौसेने शंभर जणी ठेवता यायच्या, आता ६८ च्या पुढे नाव कापावं लागतं. लेकीने पहिल्याच भेटीत विचारावं, "नवख्यांपैकी किती जणी वसंतापर्यंत यादीत राहतात?" उत्तर गोलमाल आलं तर समजून जा.

त्याच तडजोडीने विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते डोळ्यांपुढे आणू नका. बिग टेनचा टीव्हीचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा, आणि तो होड्या दाखवायला केलेला नाही. गाडीला इंजिन एकच, फुटबॉलचं. थोडाफार धक्का बास्केटबॉल देतं. बाकीचे सगळे डबे. डब्यात बसायला लाज नाही, फक्त कोळसा कोणाच्या वाट्याला जातो ते माहीत असावं.

तर मग मिळतं काय? कपडे, बूट, ट्रेनर, फिजिओ, फुकट शिकवणी, आणि जेवण. जेवणाचीही कथा आहे. एके काळी नियम असा की विद्यापीठ खेळाडूंना मधल्या वेळी बेगल देऊ शकतं, पण त्याला क्रीम चीज फासलं की ते 'जेवण' झालं, आणि जेवण म्हणजे उल्लंघन! एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्याच महिन्यात एनसीएएने जेवणावरची बंधनं उठवली, वॉक-ऑन मुलांसाठीसुद्धा. मी शिकवायला लागलो तेव्हा तरी धाक इतका होता की दिवाळीत आईने पाठवलेले बेसनाचे लाडू मी टेबलावर ठेवले, तर समोरची मुलगी हात मागे घेऊन म्हणाली, "हे चालतं का, आधी विचारून ये." आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावलंच होतं, खेळाडूला कॉफीसुद्धा पाजायची नाही. लाडू मी एकट्यानेच संपवले.

ती मुलगी रोइंगचीच होती, वॉक-ऑन, पहिलं वर्ष. तिचे हात माझ्या अजून डोळ्यांपुढे आहेत. चारही बोटांच्या मुळाशी पांढरी पट्टी, पट्टीच्या कडेने सोललेली कातडी. पेन ती अंगठा आणि तर्जनीच्या अगदी टोकात धरायची, बाकीची बोटं हवेत. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा डोंगर काढताना कागदाला पुसट तपकिरी डाग लागला, तर बाहीने पुसला आणि विचारलं, "इथे मीन कुठे येतो?" महिनाभराने घट्टे पडले आणि पट्ट्या गेल्या. गणितात तिला बी प्लस मिळाला. माझ्या मते ए मायनसची होती. झोपेत गेला तो.

मार्कांबद्दल खरं सांगतो. नियम आहे की हंगामात आठवड्याला २० तासांच्या वर सराव नाही, दिवसाला चारच्या वर नाही, आणि एक दिवस सुट्टी. वाचायला छान. पण शर्यतीचा अख्खा दिवस त्या हिशेबात तीन तास धरतात, आणि बसमधले तास धरतच नाहीत. एका शुक्रवारी मिडटर्म आणि प्रवास एकाच दिवशी आले. प्राध्यापक तारीख बदलायला तयार नव्हते. शेवटी टीमबरोबर गेलेल्या ॲडव्हायझरने बंद पाकिटातून पेपर नेला आणि त्या मुलीने तो मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत, वॉफलच्या मशीनशेजारी बसून लिहिला. टायमर दर दोन मिनिटांनी वाजत होता म्हणे.

तुमच्या लेकीसाठी मला खरी काळजी वेगळीच वाटते. दुसरं वर्ष संपेपर्यंत डिग्रीचं ४० टक्के काम, तिसरं संपेपर्यंत ६०, चौथं संपेपर्यंत ८०, असा एनसीएएचा दंडक आहे. पूर्ण नाही केलं तर खेळता येत नाही. कॉम्प्युटर सायन्स की बायॉलॉजी हे ठरवायला इतर मुलांना जितका वेळ मिळतो, तितका हिला मिळणार नाही. तिसऱ्या वर्षी विषय बदलला तर जुने क्रेडिट नव्या डिग्रीत बसत नाहीत आणि टक्का घसरतो. पहाटे उठणं जमून जातं हो. विषय लवकर ठरवणं जड जातं.

नेपरव्हिलची_आई

अर्धवट_पीएचडी, तुमचं नाव बदला, तुम्ही पूर्ण आहात. नवऱ्याला वाचून दाखवलं. इंजिन आणि डब्यांपाशी तो हसला, ४० टक्क्यांपाशी गप्प झाला.

अजून एकच विचारते. मध्येच सोडावंसं वाटलं तर? डिसेंबरातच कंटाळली तर काही दंड, काही बाँड?

होडीतली_बुटकी

काकू, काही नाही. स्कॉलरशिप नाही, तर गमवायलाही काही नाही. कोचला जाऊन सांगायचं, कपडे परत करायचे. मी कॉक्स होते, दुसऱ्या विद्यापीठात. उंची ५ फूट १. मलाही कोणीतरी वसतिगृहाच्या दारात गाठलं होतं, फक्त उलट्या कारणासाठी! कॉक्स जितकी हलकी तितकी बरी. सुकाणू तिच्या हातात आणि आवाजही तिचाच. आठ धिप्पाड मुलींना मी तीन वर्षं ओरडून पुढे नेलं. आमच्या नवख्यांच्या गटात सप्टेंबरला मुली मावत नव्हत्या, मार्चला दोन होड्या जेमतेम भरत होत्या. सोडणाऱ्यांशी कोणी वाईट वागलं नाही.

गळती पाण्यामुळे होत नाही, अर्गमुळे, म्हणजे जागेवर बसून वल्हवायच्या मशीनमुळे होते. मॅडिसनचं मेंडोटा सरोवर हिवाळ्यात गोठतं, मग कित्येक आठवडे पाणी बंद आणि सगळं आत, मशीनवर. साखळी ओढायची, पंखा घूं घूं करतो आणि समोरच्या छोट्या पडद्यावर ५०० मीटरला किती वेळ लागतोय तो आकडा. तो आकडा खोटं बोलत नाही आणि दयाही दाखवत नाही. २,००० मीटरची चाचणी असली की आमच्याकडे शेजारी बादल्या ठेवायचे. लेकीला आधी जिममध्ये अर्गवर अर्धा तास बसवून बघा, अंदाज येईल. आणि वल्हं पाण्यात अडकून मूठ पोटात बसली तर घाबरू नका म्हणावं. आम्ही त्याला 'खेकडा पकडला' म्हणायचो, प्रत्येकीचा एकदा तरी होतो.

कागदांचं मात्र आत्ताच बघा. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवावं लागतं, हायस्कूलचे १६ मुख्य विषय दाखवावे लागतात. डॉक्टरांची तपासणी आणि सिकल सेलची चाचणी झाल्याशिवाय सरावाला हात लावू देत नाहीत. जन्माच्या वेळचा रिपोर्ट असेल तर तोही चालतो. आणि हे काकांना सांगा: ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांनी खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च, खेळ सोडल्यावरही किमान दोन वर्षं करायचा आहे. पाठीचं दुखणं या खेळात असतंच, म्हणून सांगतेय.

नेपरव्हिलची_आई

अपडेट देते. आम्ही इथे तीन दिवस चर्चा करतोय आणि लेकीने त्या ईमेलला पहिल्याच रात्री "येस!!" पाठवून ठेवलं होतं. काल जेवताना सहज म्हणाली. नवऱ्याने ताटातून वर बघितलं आणि विचारलं, "काठावर कुठे उभं राहिलं की नीट दिसतं?"

होडीतली_बुटकी, तू म्हणालीस तो सिकल सेलचा रिपोर्ट सापडला. माळ्यावरच्या खोक्यात, हॉस्पिटलच्या फाईलमध्ये, लसीकरणाच्या कार्डाखाली. त्याच पानावर वरती नर्सने लिहिलंय: लांबी २१ इंच.