डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही, ऑपरेशन नोट मागा

वर कुणीतरी म्हटलंय की सिझेरियननंतर नॉर्मल डिलिव्हरीसाठी जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवलं की झालं. नाही हो. त्यावर बहुतेक वेळा नुसतं 'एलएससीएस' (म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागातलं सिझेरियन) आणि कारण एवढंच असतं. डॉक्टरांना हवा असतो गर्भाशयावरचा छेद: खालच्या भागात आडवा, उभा, की उलट्या टी-सारखा? छेद फाटून वाढला होता का, टाके कसे घातले? पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद उभा असू शकतो, आणि उभ्या छेदात गर्भाशय फाटण्याचा धोका कितीतरी जास्त. हे सगळं ऑपरेशन नोटमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी ऑपरेशनची लिहिलेली नोंद असते त्यात, असतं. सिझेरियनआधी कळा येऊन गेल्या असतील तर पार्टोग्राफही, म्हणजे कळा कशा पुढे सरकल्या त्याचा तक्ता, मागा. पिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं होतं ते त्यात कळतं.

मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. पण जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचंच आहे, म्हणून दिवस राहायची वाट बघू नका, आत्ताच मागा. अर्ज लेखी करा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, इनडोअर नंबर (दवाखान्यात दाखल झाल्याचा नंबर) आणि ऑपरेशनची तारीख लिहा. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर केसपेपर माहेरच्या नावानेही असू शकतो. दोन्ही नावं द्या. स्वतः जाणं जमत नसेल तर आई किंवा भावाला सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स देऊन पाठवा.