'पेन'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? ठणका, कळ, सणक, वांब की नुसतं वेदना?

कोरा कागद:
एका दवाखान्यासाठी पेशंटने भरायच्या फॉर्मचं भाषांतर करतेय आणि दोन दिवस एकाच पानावर अडकलेय. पान आहे 'पेन'चं. खाली पंधरा शब्द आणि प्रत्येकापुढे चार चौकटी, नाही, थोडं, मध्यम, खूप. हे शब्द मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांच्या १९८७ च्या छोट्या प्रश्नावलीतले आहेत, त्यांची मूळ मोठी प्रश्नावली १९७५ ची, तिच्यात तर ७८ शब्द आहेत २० गटांत. थ्रॉबिंग, शूटिंग, स्टॅबिंग, क्रॅम्पिंग, नॉइंग, बर्निंग, एकिंग, हेवी, टेंडर, स्प्लिटिंग असं चालू राहतं.
माझ्या आधी कुणीतरी केलेलं भाषांतर मला नमुना म्हणून दिलंय. स्पंदनशील वेदना, प्रक्षेपित वेदना, दाहक वेदना, कोमल वेदना. टेंडरचं कोमल! आजीला वाचून दाखवलं, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती म्हणाली यातलं मला काय होतंय ते तूच सांग.
मी थ्रॉबिंगला 'ठणका' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी लाल केलं, ठणका बोलीतला आहे, वेदना लिहा म्हणाल्या. आमच्याकडे तर दाढ ठणकतेच, तिला दुसरं काही येतच नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

निवृत्त सिस्टर:
ठणकाच लिही गं. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, मला वेदना होतात असं म्हणणारा पेशंट मला आठवत नाही. ठणका म्हणजे नाडीबरोबर उठणारं दुखणं, दाढेचं, पिकलेल्या बोटाचं, प्लास्टर घट्ट बसलं की हाताचं. गळू असेल तर ठसठसतं, ते ठणक्याच्या अलीकडचं. सणक किंवा कळ म्हणजे इथून निघून तिथे जाते ती, कमरेतनं निघते आणि टाचेपर्यंत उतरते, तेच तुझं शूटिंग. चमक ही क्षणाची, येते आणि जाते. रग लागते ती ओझं उचलून किंवा फार वेळ उभं राहून. कसकस तापातली. टेंडर म्हणजे हुळहुळतं, हात लावू देत नाही, दुखरी जागा.
आणि एक सांगते, हे मी कधीच विसरणार नाही. एक गृहस्थ रात्री आले, साठीचे, घाम आलेला, शिकाऊ डॉक्टरने विचारलं छातीत दुखतंय का तर ते नाही म्हणाले. परत विचारलं, परत नाही. मी बघतेय तर मूठ वळून छातीच्या मधोमध धरलेली. मी म्हटलं काका, मग होतंय काय, तर म्हणाले "दुखत नाही हो, पाटा ठेवल्यागत झालंय, कोंडतंय." ईसीजी काढला तर अटॅक. त्यांच्या लेखी 'दुखणं' म्हणजे टोचणं, सलणं. तुमच्या त्या फॉर्ममधल्या 'हेवी'ला 'जड वेदना' लिहिलं असतं तरी त्यांनी 'नाही'वरच खूण केली असती. दडपण, ओझं, कोंडल्यासारखं, आवळल्यासारखं हे सगळं लिहा तिथे, जागा कमी पडली तर अक्षर बारीक करा.

शब्दवेडा:
सिस्टर, अंगावर काटा आला वाचताना.
मला यात मुळात व्याकरणाची अडचण दिसते. इंग्रजीत माणसाकडे पेन 'असतं', ते नाम आहे आणि त्याला मागून विशेषणं जोडायची. आपल्याकडे अवयवच कर्ता होतो. दाढ ठणकते, पोट मुरडतं, डोळे चुरचुरतात, जखम चरचरते, पाय वळतात, घसा खवखवतो, डोकं उठतं. क्रियापदातच दुखण्याची जात आली, मग 'वेदना' हे नाम घालायचं कशाला आणि त्याला 'स्पंदनशील' ही शेपूट लावायची कशाला. कागदताई, फॉर्ममध्ये नामं लिहूच नका, "ठणकतं का? सणक जाते का? आग होते का?" असे प्रश्न लिहा.

ऱ्हस्वदीर्घ:
असहमत. हा फॉर्म सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत जाणार, बोलीतले शब्द घातले तर प्रत्येकजण वेगळा अर्थ घेणार. वेदना सगळ्यांना कळतो, प्रमाण आहे, वेदनाशामक हा शब्द रुळलेला आहे. आणि कृपा करून या चर्चेत तरी 'पेन' लिहू नका, देवनागरीत ते शाईचं पेन होतं. आणखी एक, वर कुणी लिहिलेलं नाही पण लिहिलं जाणार म्हणून आधीच सांगतो, 'दुःख'मध्ये विसर्ग आहे, 'दुखणं', 'दुखापत', 'दुखवटा'मध्ये नाही.

वऱ्हाडी ठेचा:
भाऊ, आमच्या अकोल्यात माय म्हणते "आंग मोडून येऊन रायलं", तिले वेदना विचारली तं म्हणन ते काय असते. ठणका मात्र आमच्याकडेही हाय, सावंतवाडीतही असन. मंग बोली कोनती न प्रमाण कोनतं? तुमच्याकडे जे छापते तेच प्रमाण का?

ऱ्हस्वदीर्घ:
मी कुणाच्या बोलीला कमी लेखलेलं नाही. फॉर्म हे कायदेशीर कागद असतात एवढंच म्हणणं आहे.

पाली-प्राकृत:
वेदना प्रमाण आहे हे खरं, पण तिचा मूळ अर्थ दुखणं नाही. 'विद्' म्हणजे जाणणं, वेदना म्हणजे जाणवणं. पालीत सुखा वेदना, दुक्खा वेदना आणि अदुक्खमसुखा (ना दुःखाची ना सुखाची) वेदना अशा तीन आहेत, म्हणजे सुखाचीही वेदनाच. आणि बाळंतपणाच्या 'वेणा' या त्याच वेदनेच्या लेकी, झिजून आलेल्या. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ साहेब, तुमचा प्रमाण शब्द घरातल्या बायकांनी कधीच बोलीत आणून वापरलाय. शूळचंही तसंच, शूल म्हणजे भाला. पोटशूळ उठतो म्हणतो तेव्हा स्टॅबिंगच म्हणत असतो आपण.

लीड्सहून:
इथे सासूबाईंना पित्ताशयाच्या खड्यांसाठी ॲडमिट केलं होतं तेव्हा फोनवर दुभाषी दिला. नर्स दर चार तासांनी विचारायची शून्य ते दहामध्ये दुखणं किती. दुभाष्याने विचारलं "दहापैकी किती?" आणि सासूबाई म्हणाल्या दोन. सगळ्यांना वाटलं आता बरं आहे, गोळी दिली नाही. रात्री मी गेले तर त्या उशी पोटाशी आवळून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्यांना वाटलं मार्क द्यायचेत, किती बरं वाटतंय त्याचे. दहापैकी दोन म्हणजे नापास. तेव्हापासून मी आकड्यांपुढे शब्द लिहूनच ठेवला, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. कागदताई, तुमच्या फॉर्मवर तो आकडा असेल तर तिथे आधी लक्ष द्या, ठणका-वेदना नंतर.

तालुक्याचा डॉक्टर:
लीड्सहून, हे आमच्याकडे रोज होतं.
अजून एक चूक सगळ्या भाषांतरांत सापडते, 'ॲक्यूट'ला तीव्र. ॲक्यूट म्हणजे नुकतं, अचानक उद्भवलेलं, ते सौम्यही असू शकतं. आणि क्रॉनिक म्हणजे जुनाट, तेही तीव्र असू शकतं. पेशंट 'तीव्र' वाचून म्हणतो माझं एवढं नाही, आणि दोन दिवसांचं पोटदुखणं भलत्या रकान्यात जातं.
'दुखणं' हा शब्दही जपून वापरा. "गेल्या वर्षी मोठं दुखणं काढलं" म्हणजे आजार, कदाचित टायफॉइड, त्यात काही दुखलंही नसेल. दुखणाईत म्हणजे आजारी माणूस. 'पूर्वीची दुखणी' असा रकाना असेल तर लोक कावीळ लिहितात, आणि बरोबर लिहितात.

कोरा कागद:
सगळ्यांचे खूप आभार, आकड्याचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, ते आजच बदलते. आता दोन अडलेत. एक 'नॉइंग', उंदीर कुरतडतो तसं. आणि दुसरं शेवटच्या चारातलं, ते चार भावनेचे आहेत, त्यातलं 'पनिशिंग-क्रूएल'. शिक्षा देणारं, क्रूर? असं कोण म्हणतं मराठीत?

पाली-प्राकृत:
ते इंग्रजीत फार जुनं आहे. पेन हा शब्दच लॅटिन 'पोएना'वरून, फ्रेंचमधून आलेला, पोएना म्हणजे दंड, शिक्षा. पेनल्टी, पनिशमेंट सगळी एकाच घरची. 'ऑन पेन ऑफ डेथ'मध्ये अजून तो अर्थ उरलाय. म्हणजे त्यांच्याकडे दुखणं आधी शिक्षा होतं, मग दुखणं झालं.

निवृत्त सिस्टर:
मग आपल्याकडे 'भोग' आहे ना! "माझे भोग आहेत, भोगतेय." कॅन्सरच्या वॉर्डात हे मी रोज ऐकलंय, आणि ते ऐकलं की आम्हाला कळायचं की आता गोळीबरोबर शेजारी बसायलाही हवं.

ऱ्हस्वदीर्घ:
वैद्यकीय फॉर्ममध्ये भोग? पूर्वजन्माचं पाप वगैरे दवाखान्याने छापायचं का आता? सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे पटत नाही.

निवृत्त सिस्टर:
मी छापा म्हटलं नाही. माणूस म्हणतो काय ते सांगितलं.

शब्दवेडा:
'जीव नकोसा करतं' कसं वाटतं? किंवा 'छळतं'. छळणं यात शिक्षाही आली आणि क्रूरपणाही, देवाला मधे न आणता.

वऱ्हाडी ठेचा:
छळते बरोबर हाय. ऱ्हस्वदीर्घ भाऊलेही चालन.

ऱ्हस्वदीर्घ:
छळतं चालेल. शुद्ध आहे.

खाडीपलीकडे:
उशिरा आलो. कुणी क्रॅम्पिंगचं सांगितलंच नाही. पोटात असेल तर मुरडा किंवा पिळवटतं, पण पोटरीत रात्री येतो त्याला आमच्याकडे वांब. "पायात वांब इली." माझा अंदाज असा की हा तो वांब मासाच, सापासारखा लांब असतो तो. पोटरीखाली हात धरून बघा, स्नायू तस्साच सळसळतो आणि गाठ होऊन बसतो. लहानपणी आजोबांनी खाडीत पकडलेला वांब मी दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याच रात्री मला पोटरीत वांब आली, तेव्हापासून मला याबद्दल शंका नाही.

तालुक्याचा डॉक्टर:
घाटावर गोळा येणं किंवा पेटका म्हणतात. वांबही ऐकतो आम्ही, पण माशाशी संबंध असेल असं वाटत नाही, इथले म्हणणारे लोक मासे खातही नाहीत.

खाडीपलीकडे:
न खाणारे ओळखतही नाहीत का डॉक्टर? वांब नदीतही असते.

लीड्सहून:
पेटक्यावरून आठवलं, कमरेत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाकडून पाय लावून घ्यायचे ना? माझा मामा पायाळू होता, लोक सकाळी दारात येऊन पालथे झोपायचे आणि तो चहा घेता घेता प्रत्येकाच्या कमरेला पाय लावायचा. आणि पावसात त्याला कुणी बाहेर पडू द्यायचं नाही, पायाळूवर वीज पडते म्हणून.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडेबी हाय हे! माही मोठी बहीण पायाळू. वीज कडाडली का तिले घरात घ्यायचे, शेळ्या मंग.

कोरा कागद:
'नॉइंग'चं राहिलं. मंगळवारी द्यायचंय. मी 'आतून पोखरल्यासारखं' लिहून ठेवलंय, अल्सरच्या पेशंटला ते कळेल का? सिस्टर?

खाडीपलीकडे:
पोखरल्यासारखं चांगलं आहे. पण डॉक्टर, तुम्ही म्हणालात इथले, तर इथले म्हणजे नक्की कुठले? नदीकाठचे असतील तर माझं म्हणणं अजून टिकतं.