शिसं मिसळलेल्या मातीवर दोन दिवसांचं चर्चासत्र, चिपळूणला. विषय, तारखा सुचवा

तांबडीमाती:
नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. परवाच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी जाहीरच करून टाकलं की यंदा डिपार्टमेंटने नॅशनल लेव्हलचं काहीतरी करायचं, आणि शिशाने खराब झालेली माती कशी सुधारायची हा विषय माझ्या गळ्यात आला. आवडीचाच आहे त्यामुळे तक्रार नाही, पण हॉल एक आणि बजेट विचारू नका. कमिटीने केलेला ड्राफ्ट बघितला तर झोप येईल, आधी दीपप्रज्वलन, मग 'जड धातूंचे दुष्परिणाम' यावर कीनोट, मग जेवण, मग संध्याकाळपर्यंत पेपर वाचन आणि त्यात मोहरी लावून शिसं ओढून घेण्याचे पेपर ढिगाने येणार हे आत्ताच सांगते. मला इथल्या मातीबद्दल बोलणं व्हायला हवंय. बॅटऱ्या फोडतात त्या जागा, गॅरेजमागची जमीन, बंदरावर होड्यांचा जुना रंग खरवडतात तिथली वाळू, आपल्याकडे काय कमी आहे का. त्यात 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी वेगळे नियम काढलेत, म्हणजे विषय ताजा पण आहे. सत्रं कशी पाडू, कुठल्या प्रकारची माणसं बोलवू (नावं नकोत), आणि फील्ड व्हिजिट ठेवू का?

जांभा_दगड:
मॅडम, मी दापोलीला कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात होतो, आता रिटायर. माझं ऐका, सगळं जग कव्हर करू नका. दोन दिवस एकच प्रश्न धरा, जांभ्याच्या आम्ल मातीत आणि आपल्या तीन हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसात कुठला उपाय टिकतो. बाकीचं पुस्तकात आहे.

आता मोहरीचंच घ्या. मोहरी शिसं आपणहून फारसं उचलत नाही, म्हणून मातीत ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळतं ठेवणारं रसायन) घालून ते सुटं करतात. कोरड्या मुलखात कुंडीत ठीक आहे हो, पण इकडे ईडीटीए घालून मृगाचा पाऊस पडला तर ते सुटं झालेलं शिसं मुळांपाशी थांबणार आहे का, ते थेट खाली विहिरीत. त्यापेक्षा वाळा लावलेला बरा, त्याच्यात शिसं बरंचसं मुळातच राहतं आणि उतारावरची माती पण धरून ठेवतो. शिसं काढायचं नाही, जागच्या जागी बांधायचं, हा विचार आपल्याला जास्त लागू पडतो.

बांधायचा नेहमीचा उपाय म्हणजे फॉस्फेट. शिसं, फॉस्फेट आणि क्लोराइड मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज होतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गोम अशी की आपल्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट आधी पळवतात, शेतकऱ्याला विचारा सुपर फॉस्फेट टाकून पिकाला किती मिळतं. मग शिशाच्या वाट्याला काय येणार? आणि हात सैल सोडून टाकलं तर पावसाबरोबर खाडीत जाऊन शेवाळ माजेल. शिवाय त्याच जागी आर्सेनिक असेल तर फॉस्फेटमुळे ते सुटं होतं. यावर अख्खं एक सत्र भांडण व्हायला हवं.

लॅबवाली:
काकांना प्लस वन. पण मॅडम, उपायांच्या आधी मोजणीवर अर्धा दिवस ठेवा नाहीतर सगळे आपापले ppm (मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे किती भाग) घेऊन येतील आणि कोणाचं कोणाशी जुळणार नाही. हातात धरायचं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरण मारून मातीत कुठला धातू किती ते दाखवतं) भाड्याने मिळालं तर टेबलावर ठेवून मुलांना हाताळू द्या. एकच नमुना आधी ओला, मग वाळवून चाळून दाखवा, ओल जास्त असली की आकडा कमी येतो हे डोळ्यांनी बघितलं की विसरत नाहीत. आर्सेनिक आणि शिसं यांच्या एक्सआरएफ रेषा, म्हणजे मशीन ज्यावरून धातू ओळखतं त्या खुणा, जवळपास एकाच जागी येतात त्यामुळे शिसं भरपूर असेल तर मशीनच्या आर्सेनिकच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. वरती काकांनी आर्सेनिक काढलंय म्हणून सांगितलं.

अजून एक, एकूण शिसं किती आणि पोटात गेल्यावर त्यातलं सुटतं किती या दोन वेगळ्या गोष्टी. 150 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती (मुलांच्या हाताला तेवढीच बारीक चिकटते) पोटातल्या आम्लाची नक्कल करणाऱ्या ग्लायसीनच्या 1.5 पीएचच्या द्रावणात 37 अंशाला तासभर फिरवायची आणि किती उतरलं ते मोजायचं. फॉस्फेट घातल्यावर एकूण आकडा तोच राहतो, कमी व्हायला पाहिजे तो हा दुसरा. हे न करता 'आमचा उपाय यशस्वी' म्हणणारे पेपर सरळ परत पाठवा. अमेरिकेने घरांच्या अंगणासाठी 400 ppm ची पातळी जानेवारी 2024 मध्ये 200 वर आणली, तोही वाद घेता येईल.

पागवाला:
मी शास्त्रज्ञ बिस्त्रज्ञ नाही, हर्णैकडचा आहे. पण तुम्ही होड्यांचा रंग म्हणालात आणि पागाला (फेकायच्या जाळ्याला) लावतात ते शिसं विसरलात. आमच्याकडे अजून काही घरात लोखंडी कढल्यात जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून पागाच्या गोळ्या पाडतात, मागच्या पडवीत, पोरं बाजूला बघत उभी, आणि वरची काळी मळी उचलून परड्यात माडाच्या बुंध्याशी फेकतात. पाहुण्यांना त्या मळीचं काय करायचं ते विचारा, आम्हाला तेच उपयोगाचं आहे.

दुसरं म्हणजे कॅलिफोर्नियात ऑकलंडला 2011 च्या सुमारास लोकांच्या अंगणात माशाच्या काट्यांची पूड मिसळून शिसं बांधलं होतं असं वाचलंय. काटे आपल्याकडे काय, पाहिजे तेवढे.

जांभा_दगड:
पागवाले, बरोबर वाचलंत. काट्यात कॅल्शियम फॉस्फेटच असतं आणि ते हळूहळू सुटतं, रासायनिक खतासारखं एका पावसात वाहून जात नाही. तिथे वरून स्वच्छ मातीचा थर आणि हिरवळ पण टाकली होती, ते विसरू नका. आपली माती आम्ल असल्यामुळे काटा विरघळायला उलट मदतच होईल, पण सुटलेलं फॉस्फेट लोहाला मिळतं का शिशाला हाच तर प्रश्न आहे ना. मॅडम, विद्यार्थ्यांकडून आत्तापासून कुंड्या लावून घ्या, नुसती माती, काट्याची पूड घातलेली आणि रॉक फॉस्फेट (फॉस्फेटच्या खडकाची पूड) घातलेली. चर्चासत्रात त्याच मांडा, दीपप्रज्वलन नाही झालं तरी चालेल.

चाकरमानी_दादर:
मेल्यानु, जेवणाचा काय ता आधी सांगा 😄

बरं सिरियसली. पावसात ठेवू नका, गणपती, दिवाळी सोडा, 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हॉटेलं मिळणार नाहीत, मार्चमध्ये शिमग्याला स्वयंसेवक पालखीबरोबर असतील. जानेवारीचा शेवट नाहीतर फेब्रुवारीचा पहिला आठवडा, गुरुवार-शुक्रवार. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, तारीख त्याच्या बरीच आधी कळवा, नाहीतर पाहुणे हायवेने येतील आणि पाठीला बाम चोळत कीनोट देतील.

फील्ड व्हिजिटला बसभर लोक बॅटरीच्या जागेवर नेऊ नका, ती धूळ बुटाला लागून घरी पोरांपर्यंत जाते. त्यापेक्षा गावातच काम करा. 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठ बुडाली तेव्हा गॅरेजं, बॅटरीची दुकानं सगळी पाण्याखाली होती. तो गाळ कुठे कुठे बसला, त्यात शिसं आहे का, हे तपासलं तर चिपळूणकर स्वतःहून हॉलमध्ये येतील. आणि एक माणूस पैशाचं बोलणारा असू द्या. माती खणून न्यायची म्हटली तर धोकादायक कचऱ्याची साइट तळोज्याला, तिथवर ट्रक भरून न्यायचा खर्च कोण देणार, मालक की ग्रामपंचायत?

तांबडीमाती:
केवढं दिलंत सगळ्यांनी! ठरवलं, पहिला दिवस मोजणी आणि पुराचा गाळ, दुसरा दिवस फॉस्फेटचं भांडण, नंतर नियम आणि खर्च, तिथे प्रदूषण मंडळातलं कोणीतरी आणि एखादा सरपंच एकाच टेबलावर बसवते. मोहरीला पोस्टरची भिंत. कुंड्या पुढच्या आठवड्यात लावते. पागवाले दादा, काटे तुम्ही द्याल का, पण उकडून वाळवून द्या हं, लॅब माझ्या केबिनला लागूनच आहे.

पागवाला:
देतो की. वास मात्र येणार.