एका दिवसात डोंगर आणि धबधबा: नागपूरहून कचारगड व हाजरा फॉल करावे काय?

प्रश्न: मानेवाडाकर

नमस्कार. आम्ही काही मित्रमैत्रिणी नागपुरातच नोकरी करतो आणि सर्वांना एकत्र मिळणारी सुटी म्हणजे केवळ रविवार. पहाटे निघून रात्री घरी परतता यावे, थोडी डोंगरचढाई व्हावी आणि वाहता धबधबाही पाहता यावा, अशा बेताने ऑगस्टमध्ये एक दिवस काढायचे ठरले आहे. चिखलदऱ्याचे नाव सर्वांत आधी निघाले, परंतु जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवायची, त्यातही घाट, म्हणजे प्रत्यक्ष पायी फिरायला वेळ उरणार नाही, असे वाटते. दुसरा पर्याय गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याचा, म्हणजे कचारगड आणि हाजरा फॉल. आमच्यापैकी दोघे प्रथमच डोंगर चढणार आहेत आणि एका मैत्रिणीचा गुडघा अधूनमधून दुखतो. आधी डोंगर करावा की धबधबा, रेल्वेने जावे की गाडीने, आणि भर पावसाळ्यात हे सुरक्षित आहे काय, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: झाडीपट्टीकर

माझे गाव त्याच भागातले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्त्याने पाहिले तर भंडारा, साकोली, देवरी, आमगाव असा सालेकशाचा प्रवासही काही लहान नाही, आणि केवळ अंतरावर निर्णय घ्यायचा तर चिखलदऱ्याच्या तुलनेत फारसा लाभ होणार नाही. खरा फरक पडतो तो रेल्वेमुळे. मुंबई–हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा अशी स्थानके लागतात. नागपूर ते गोंदिया जलद गाडीने दोन तासांच्या आसपास आणि तेथून पुढे दरेकशाला थांबणारी मेमू किंवा पॅसेंजर, असा प्रवास केल्यास जाताना झोप होते आणि परतताना थकलेल्या माणसाला गाडी चालवावी लागत नाही. दिवसभर पायपीट केल्यानंतर रात्रीच्या अंधारात महामार्गावर वाहन हाकणे हा मला अशा सहलींतला सर्वांत मोठा धोका वाटतो. लहान गाड्या मोजक्याच आहेत आणि त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून आधी परतीची गाडी ठरवावी आणि त्यावरून दिवसाची आखणी उलट दिशेने करावी.

क्रम विचाराल तर आधी कचारगड. दरेकशाहून ऑटो किंवा जीप ठरवून धनेगावला जावे आणि तेथून पायी चढावे. सकाळी पाय ताजे असतात, आकाश बहुधा निवळलेले असते आणि गडगडाटी पाऊस आला तर तो बहुतेक दुपारनंतर येतो. उघड्या डोंगरमाथ्यावर विजेच्या कडकडाटात सापडणे विदर्भात अजिबात हलक्यात घेण्यासारखे नाही. धबधबा दरेकसा स्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे, त्यामुळे तो शेवटी ठेवला की परतीच्या गाडीची धास्ती राहत नाही. मात्र तेथे रुळांवरून किंवा बोगद्याच्या बाजूने चालत जाण्याचा मोह टाळावा. तो अत्यंत वर्दळीचा लोहमार्ग आहे, वळणामुळे येणारी गाडी उशिरा दिसते, आणि रुळांवर शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार गुन्हाही आहे.

उत्तर: डोंगरवाटा_नागपूर

वरील क्रमाशी मी पूर्णपणे सहमत आहे. पाण्याबद्दल मात्र अधिक आग्रहाने लिहिणे आवश्यक वाटते, कारण पावसाळी सहलींतील अनेक अपघात चढणीवर होत नाहीत, ते धबधब्याखाली होतात. आपण उभे आहोत तेथे ऊन पडलेले असले तरी वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली पोहोचते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, प्रवाहाचा आवाज वाढणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान गोळा करण्यात वेळ न दवडता काठापासून दूर आणि उंचावर जावे. ज्या डोहाचा तळ दिसत नाही त्यात, पोहता येत असले तरी, उतरू नये. वरून पडणारे पाणी डोहात भोवरे निर्माण करते आणि तळाशी कपारी असतात. तेथील व्यवस्थेतील स्थानिक तरुण जेथे थांबायला सांगतील तेथे थांबावे.

खडकाविषयीही एक गोष्ट सांगतो. आपल्या सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची, आणि दख्खनच्या त्या पठाराची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपासच संपते. सालेकसा–डोंगरगड पट्ट्यातील खडक २०० कोटी वर्षांहून जुने आहेत. मला स्वतःला त्या खडकांवरून चालताना हा काळाचा पल्ला सतत जाणवतो. परंतु खडक कोणताही असो, त्यावर शेवाळ धरले की उत्तम बुटांचीही पकड सुटते, म्हणून ओल्या कातळावर पाऊल सपाट टाकावे आणि उडी मारू नये.

ज्यांचा गुडघा दुखतो त्यांना त्रास होईल तो उतरताना. त्यांनी दोन काठ्या घ्याव्यात आणि सर्वांनी त्यांच्या गतीने चालावे.

उत्तर: सेवा_शिक्षिका

जय सेवा. कचारगडाचा उल्लेख येथे केवळ चढाई म्हणून झाला, म्हणून लिहीत आहे. आम्हा गोंड समाजासाठी आणि कोयापुनेम हा आमचा पारंपरिक धर्म मानणाऱ्या सर्वांसाठी ते श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांतूनही लोक येतात. माता काली कंकालीच्या मुलांना कचारगडाच्या गुहेत कोंडले होते आणि आमच्या धर्माचे संस्थापक मानले जाणारे पारी कुपार लिंगो, माता जंगो रायताड व संगीतकार हिरासुका पाटालीर यांच्यामुळे ती मुक्त झाली, ही कथा आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपण अवश्य या, परंतु गुहेत मोठ्याने गाणी लावू नका, भिंतींवर नावे कोरू नका, पूजेच्या जागी छायाचित्र काढण्यापूर्वी विचारा आणि आणलेला कचरा सोबत परत न्या. गावातील एखाद्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घेतल्यास वाट चुकत नाही, त्याला मजुरी मिळते, आणि जे फलकावर लिहिलेले नसते ते त्याच्याकडून ऐकायला मिळते.

प्रश्नकर्ता: मानेवाडाकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेल्वेने जाण्याचे, आधी कचारगड करण्याचे आणि धनेगावातून वाटाड्या घेण्याचे आम्ही निश्चित केले आहे. सेवा_शिक्षिका यांनी सांगितलेली कथा मी सर्वांना वाचून दाखवली आणि गुहेपर्यंत पोहोचण्याची ओढ त्यामुळे अधिकच वाढली. आणखी एक विचारतो, जेवण तेथे मिळेल काय, आणि कुणाला दुखापत झाली तर जवळचा दवाखाना कोणता?

उत्तर: झाडीपट्टीकर

जेवणाची पोळी-भाजी घरूनच न्यावी आणि प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी बाळगावे, कारण दमट हवेत घाम फार जातो. सालेकशाला ग्रामीण रुग्णालय आहे आणि मोठ्या उपचारांसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, परंतु डोंगरात मोबाईलला रेंज मिळेलच असे गृहीत धरू नका. म्हणून कोणत्या गाडीने परतणार, हे नागपुरात घरी लिहून ठेवा आणि धनेगावातील वाहनचालकालाही सांगा. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता रुग्णाला हालचाल न करू देता थेट रुग्णालयात न्यावे. आदल्या दिवशी हवामान विभागाने गोंदिया जिल्ह्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल, तर बेत पुढच्या रविवारी ढकला. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धबधब्याला पाणी चांगले असते आणि तोवर आमच्याकडचे धानही बांध्यांतून भरात आलेले असते.